परत आलेल्या पिशव्या

सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. आंब्याचा रस उकळून डब्यात भरता येतो, टोमॅटो आटवता येतो, पेरूची जेली होते. सीताफळाला ती सोय नाही. चुलीवर चढवलं की चव जाते आणि जिभेवर कडवट चरचर तेवढी राहते. उघडं ठेवलं तर रंग बदलतो, आधी गुलाबी, मग तपकिरी. झाडावर ठेवलं तर आज कच्चं, उद्या पिकलेलं, परवा काळं. टिकवायचा एकच मार्ग उरतो. हवा लागू न देता पिशवीत भरायचं आणि गोठवायचं. म्हणजे हे फळ वाचवायचं तर प्लास्टिक लागतं. माझी नोकरी या एका वाक्यावर उभी राहिली आणि याच वाक्यावर संपली.

हा अंक हातात पडेल तेव्हा बाजारात सीताफळाच्या पाट्या असतील. घेताना कोणी विचारत नाही की यातलं किती विकलं जातं आणि किती पाटीतच बसतं. बालाघाटच्या उतारावर ही झाडं कोणी लावलेली नाहीत. शेळी तोंड लावत नाही, म्हणून ती जगली. दसऱ्याच्या आसपास सगळी एकदम पिकतात आणि बीडच्या बाजारात एकदम उतरतात. दुपारपर्यंत गेली ती गेली. उरलेली संध्याकाळी मोंढ्याच्या मागे गायींच्या पायाखाली असतात.

मी बीडच्या एका दैनिकात उपसंपादक होते. तालुक्यांतून आलेल्या बातम्या कापायच्या, मथळे द्यायचे, पान लावायचं. आवृत्ती लहान झाली, टेबलं कमी झाली, त्यात माझंही गेलं. त्याच सुमारास लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात शेतकऱ्यांच्या कंपनीने गर काढण्याचं युनिट उभं केलं होतं. पत्रव्यवहार करणारं, नोंदी ठेवणारं आणि गावात राहायला तयार असणारं माणूस त्यांना हवं होतं. फळप्रक्रियेचं शिक्षण माझ्याकडे नव्हतं. कंपनीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, जमीनदार घरातले आणि राजकारणातले. मुलाखतीत ते एवढंच म्हणाले की पेपरवाल्यांना रोज नवी गोष्ट शिकून दुसऱ्या दिवशी विसरायची सवय असते, इथे फक्त विसरू नका.

काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. फळ हाताने फोडायचं, चमच्याने आतला भाग काढायचा, यंत्रात घालून बी वेगळी करायची. यंत्रात पातं नसतं, रबराच्या पट्ट्या असतात. एक बी फुटली तरी घाणाभर गर कडू होतो. त्यापुढे पिशवी. भरताना पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून घ्यावं लागतं, सदऱ्याची बाही दुमडतात तसं. गर भरला की दुमड सरळ करायची. त्यामुळे जिथे सील बसणार ती पट्टी कोरडी राहते. त्या पट्टीवर गराचा एक थेंब असला तरी सील वरून नीट दिसतं आणि आठ दिवसांनी गळतं. मग पिशवी आडवी, चपटी करून फ्रीझरमध्ये. चपटी असली की लवकर गोठते, आणि लवकर गोठली की रंग राहतो.

फ्रीझरच्या दाराशी एक टेबल होतं. तिथे प्रत्येक पिशवी उलटी करून, दोन्ही तळव्यांनी दाबून पाहिली जाई. त्या टेबलावर कांताबाई असे. एक क्रेट झाला की ती मान वर न करता म्हणे, "गळत न्हाई." ते ऐकून क्रेट आत जाई. तिने म्हटल्याशिवाय क्रेट उचलायचा नाही असा नियम मी केला नव्हता. तो आपोआप झाला.

कांताबाईचं घर युनिटपासून जवळ होतं. त्या गल्लीत दिवाळी झाली की दारांना कुलपं दिसायला लागतात. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक येतो, भांडी, कोंबड्या, लेकरं चढतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. बाई गेली नाही तर पुरुष अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी नेत नाही. सीताफळाचा हंगाम संपतो नेमका मुकादमाच्या ट्रकच्या तोंडावर. त्यामुळे पहिल्या हंगामात आमच्या बायकांनी शेवटची पिशवी भरली, टोप्या काढून खुंटीला लावल्या आणि दोन दिवसांनी ट्रकमध्ये बसल्या. टेबलावर कांताबाईची जागा रिकामी झाली. त्या दिवसापासून युनिटचा खरा प्रश्न फळ नव्हता, हंगामानंतरचं काम हा होता.

गिऱ्हाइकांबद्दल थोडं. दिंद्रुडचा एक आचारी लग्नाच्या सीताफळ-बासुंदीसाठी गर घेऊन गेला. चार दिवसांनी मोटारसायकलवर पातेलं बांधून परत आला. पातेल्यात बासुंदी होती. मला म्हणाला, चाखा. कडू होती. मी विचारलं, गर तापवला का?

"बासुंदी हाय बाई ती. तापवायची न्हाई तर काय, पांघरूण घालायचं?"

दूध आटवून, थंड करून, शेवटी गर घालायचा, असं पिशवीवर छापलेलं होतं. त्याने पिशवी पाहिली, वाचली, आणि म्हणाला की ही अक्षरं आचाऱ्यासाठी न्हाईत, मुंगीसाठी हायत. पुढच्या खेपेला आम्ही अक्षरं मोठी केली. तो दर वर्षी येत राहिला आणि येताना दर वर्षी विचारत राहिला, "औंदा कडू हाय का गोड?"

तलवाड्याच्या एका व्यापाऱ्याला गर पातळ पिशवीत हवा होता, कारण जाड पिशवीचं वजन आम्ही गरात धरतो असा त्याला संशय होता. त्याला पिशवी रिकामी करून काट्यावर ठेवून दाखवली. तो काट्याकडे बघत म्हणाला की काटा तुमचाच हाय. अशी माणसं त्रास देतात, पण बुडवत नाहीत. बुडवणारे नीटनेटके असतात.

आमचं मोठं गिऱ्हाईक पुण्याची एक आइस्क्रीम कंपनी होती. आमच्या फ्रीझरमधला बहुतेक गर तिच्याकडे जाई. त्यांच्याकडून पर्यावरणाचं काम पाहणाऱ्या एक मॅडम आल्या. त्यांनी आमची जुनी पिशवी दोन बोटांत धरून विचारलं की हिचं पुढे काय होतं. खरं उत्तर असं होतं की काहीच होत नाही. ती पिशवी तीन थरांची होती, मधला थर नायलॉनचा. हवा आत जाऊ देत नव्हती, म्हणून गराला उत्तम. पण तीन थर तीन वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, त्यामुळे कोणताही भंगारवाला ती घेत नाही. ती जाळतात किंवा ओढ्यात जाते. मॅडमना एकाच जातीच्या प्लास्टिकची पिशवी हवी होती, जी वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा करता येईल. पिशवीवर पुनर्वापराचा तीन बाणांचा शिक्का आणि त्यांच्या कंपनीचं नाव येणार होतं.

त्या पिशवीवर मी दोन हंगाम घालवले. एकाच थराची पिशवी गोठताना कोपऱ्यात तडकते, म्हणून कोपरे गोल केले. सील जास्त तापलं की पट्टी ठिसूळ होते, कमी तापलं की सुटते. दुमड मोठी ठेवावी लागली. पहिल्या घाण्यातल्या अर्ध्या पिशव्या कांताबाईने बाजूला काढल्या. गळकी पिशवी ती माझ्या समोर आणून ठेवी आणि जाई. एका दुपारी तिने लागोपाठ क्रेट पुढे ढकलले आणि प्रत्येक वेळी तेच दोन शब्द म्हणाली. या कामात मी कशाचा अभिमान धरावा असं काही असेल तर ती दुपार.

या नव्या पिशवीने हंगामानंतरचं कामही आणलं. गर घेऊन जाणारी थंड गाडी पुण्याहून रिकामी परतत असे. मॅडमनी ठरवलं की रिकाम्या पिशव्या त्याच गाडीतून परत येतील, आम्ही त्या साफ करायच्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या दाणा करणाऱ्या कारखान्याला द्यायच्या. अट एकच, पिशवी स्वच्छ हवी. आत गराचा ओशटपणा राहिला तर साखर यंत्रात जळते आणि दाणा पिवळा पडतो. पिशवी तिन्ही बाजूंनी कापून पानासारखी उघडायची, तीन पाण्यांत धुवायची, वाळवून गठ्ठे बांधायचे. कापण्याचं कारण दुसरंही होतं. कंपनीच्या नावाची अखंड पिशवी बाहेर गेली तर कोणीही तिच्यात काहीही भरून विकेल. कापलेल्या पिशवीत काही भरता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हे काम हिवाळाभर आणि उन्हाळाभर पुरणारं होतं. निम्म्याहून जास्त बायका मुकादमाच्या ट्रकमध्ये बसल्या नाहीत. कांताबाईच्या नवऱ्याला युनिटमध्ये गठ्ठे चढवायचं काम मिळालं. त्यांच्या दाराला त्या वर्षी कुलूप लागलं नाही, आणि कांताबाईने म्हैस घेतली. बाहेरच्याला यात काही दिसणार नाही. गल्लीला दिसलं. सहा महिने घर बंद ठेवणाऱ्याला म्हैस पाळता येत नाही. दारात म्हैस म्हणजे माणूस घरी आहे. शेजारच्या बायका तिला म्हणत, "कांते, आता तू लई बडी झालीस बाई. आमी जातो उसाच्या फडात, तू बस म्हशीसंगं गप्पा मारत." ती म्हणे, "बसते की. नवऱ्यापरीस ती ऐकती."

दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरी गेल्या आणि गावाला टँकर लागला. युनिटसाठी आबा वेगळा टँकर मागवत होते, पण टँकर हा टँकर असतो. घागरी घेऊन रांगेत उभं असलेल्या माणसाला तो कोणाचा हे दिसत नाही. ग्रामसभेत आबांच्या विरोधी पॅनेलचा दत्ता उभा राहिला. त्याचं बोलणं मुद्द्याचं असे.

"माणसांला दोन घागरी अन् पिशव्यांला टिपाडं? त्यांला तहान लागतीय का बे?"

लोक हसले. आबा म्हणाले की या कामावर गावातल्याच बायकांची घरं चालतात. दत्ता म्हणाला की मग बायकांना विचारा. कोणीतरी कांताबाईकडे बघितलं. ती बसल्या जागेवरून बोलली.

"दोनी रांगेत मीच हाय. सकाळी घागरीच्या, दुपारी पिशवीच्या. कुठली रांग मोडू ते सांगा."

ग्रामसभेने रांग ठरवली. टँकरच्या पाण्याने पिशव्या धुवायच्या नाहीत असा ठराव झाला. ठराव योग्य होता, आजही मला त्यात चूक दिसत नाही. पण गाड्या येतच होत्या. पोत्यांत भरलेल्या पिशव्या शेडमध्ये आंबू लागल्या, माश्या जमल्या. कारखान्याने एक गठ्ठा उघडून, ओशट म्हणून परत पाठवला. मॅडमनी कळवलं की परत आलेल्या पिशव्या कारखान्यापर्यंत पोचल्या नाहीत तर पुढच्या हंगामाच्या मागणीचा विचार करावा लागेल. मागणी गेली तर बारमाही काम जाणार, आणि काम गेलं की ट्रक.

यावर तोडगा निघाला तो या गावाच्या सवयीतून. इथे खरकटं मोरीत जात नाही, दावणीला जातं. भाकरीचा तुकडा, कण्या, ताक हलवलेलं पाणी, सगळं जनावराला. आंबट-गोड वास येणारी पोती दारात पडलेली असताना बायकांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. कांताबाई एका सकाळी मला युनिटच्या मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे तिने आपली म्हैस आणून बांधली होती.

"ताई, पाणी कावून घालवायचं? ही चाटती की."

जनावराच्या पोटात प्लास्टिक गेलं की काय होतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तिने लाकडी फळी केली होती. उघडलेली पिशवी फळीवर पसरायची, चारी कोपरे पट्टीखाली घट्ट दाबायचे, आणि फळी दावणीत तिरपी ठेवायची. म्हशीची जीभ खरखरीत असते. दोन मिनिटांत ताटासारखी स्वच्छ. मग ओल्या फडक्याचा एक हात, आणि उन्हात. एका बादलीत दिवस निघत होता. आठवड्याभरात अंगणात पाच-सहा फळ्या आणि गावातून आणलेल्या तेवढ्याच म्हशी झाल्या. कारखान्याने गठ्ठा उघडून निरोप पाठवला की असा साफ माल कोणाकडून येत नाही.

मी मॅडमना जसं होतं तसं कळवलं. पाणी बंद केलं आहे, कापलेल्या पिशव्या म्हशी चाटतात, नंतर पुसून वाळवतो, गर भरण्याचं काम या दिवसांत बंद आहे. बातमी लिहिताना लिहितात तशा साध्या वाक्यांत. आइस्क्रीम कंपनीच्या पुढच्या माहितीपत्रकात ते वाक्य असं आलं: स्थानिक महिलांनी विकसित केलेली, पाण्याविना स्वच्छतेची पारंपरिक पद्धत. सोबत टोप्या घातलेल्या बायकांचा फोटो होता. म्हैस नव्हती.

म्हैस आली ती व्हिडिओत. कंपाउंडबाहेरून मोबाइलवर काढलेला लहानसा तुकडा. कांताबाईची म्हैस, फळी, आणि जिभेखाली आइस्क्रीम कंपनीचं नाव अगदी स्पष्ट. दत्ताने काढला असं सगळे म्हणाले. त्याने ते कधी नाकारलं नाही. आमच्या शेतकरी कंपनीच्या संचालकांची निवडणूक जवळ होती. उन्हाळ्यात पाणी वापरतात म्हणून ओरडणारा माणूस आता पाणी वापरत नाहीत म्हणून ओरडत होता, आणि दोन्ही वेळेला ऐकणारे लोक तेच होते.

दुपारी माझ्या जुन्या दैनिकातून सुधाकरचा फोन आला. आम्ही काही वर्षं शेजारी बसून पानं लावली होती. म्हणाला, "बातमी लागतीय. तुमची बाजू दे, दोन ओळींत."

मी दोन ओळी दिल्या. पिशव्या आधी कापलेल्या असतात, त्यांत पुन्हा काही भरता येत नाही. त्या भंगारात चाललेल्या आहेत. त्याने लिहून घेतलं आणि परत वाचूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशीचा मथळा असा होता: म्हशींनी चाटलेल्या पिशव्या अन् पुण्याचे आइस्क्रीम? शेवटचं प्रश्नचिन्ह कशासाठी असतं हे मला माहीत होतं. ते वकिलासाठी असतं. आत लिहिलं होतं की युनिटच्या व्यवस्थापनाशी संपर्क साधला असता म्हशींनी पिशव्या चाटल्याचे त्यांनी मान्य केले. माझी कापलेल्या पिशवीची ओळ पानावर बसली नव्हती. खाली औषधाची जाहिरात होती.

आबांनी बोलावलं. पेपर टेबलावर पसरलेला होता.

"खरी हाय का खोटी?"

मी म्हणाले, यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे.

"मग खोटं काय हाय?"

"बातमी."

आबांनी पेपरची घडी घातली. ते राजकारणात होते, त्यांना समजायला वेळ लागला नाही.

अन्न खात्याचे अधिकारी आले, नमुने घेऊन गेले. अहवाल स्वच्छ आला. तोवर आइस्क्रीम कंपनीचं पत्र आलं होतं. पिशव्या साफ करण्याच्या पद्धतीची कंपनीला कल्पना नव्हती, असं त्यात होतं. मागणी रद्द. फ्रीझरमध्ये असलेल्या गराच्या पिशव्यांवर कंपनीचं नाव असल्यामुळे तो दुसऱ्या कोणाला विकता येणार नाही, करारानुसार नष्ट करावा. नवीन पिशवीत भरावा म्हटलं तर आधी वितळवावा लागतो, आणि वितळलेला गर पुन्हा गोठवला की तपकिरी होतो. त्या गराला त्या पिशवीतून सुटका नव्हती. सुधाकरने नंतर खुलासा छापला, आतल्या पानावर, बाजारभावाच्या शेजारी.

आबांनी आणखी एक प्रयत्न केला. गावात सप्ताह बसणार होता. शेवटच्या पंगतीला गर देऊ, गावाच्या पोटात तरी जाईल, असं ते म्हणाले. कंपनीला नंतर समजावू. सप्ताहाच्या मंडळींनी नाही म्हटलं. उष्टं देवाच्या पंगतीला कसं चालेल. सीलबंद पिशवीतला, कोणाचीही जीभ न लागलेला गर होता तो. पण गावानेही पेपर वाचला होता. कांताबाई त्या दिवशी शेडमध्ये म्हणाली, "म्हशीचं दूध चालतंय यांला. जीभ चालंना."

युनिटच्या मागे मुरमाड जमिनीत जेसीबीने खड्डा काढला. बायका टोप्या, हातमोजे घालून आल्या, कारण मॅडम मोबाइलवर बघणार होत्या. प्रत्येक पिशवी फ्रीझरमधून काढायची, कात्रीने उभी फाडायची, म्हणजे ती पुन्हा वापरता येणार नाही, आणि गरासकट खड्ड्यात टाकायची. वेगळं करायला परवानगी नव्हती. गोठलेली पिशवी कापताना कात्री घसरते. काम हळू चाललं. गर पांढरा होता, हंगामातल्या पहिल्या दिवसासारखा.

कांताबाई एक पिशवी घेऊन माझ्याजवळ आली. उलटी करून, तळव्यांनी दाबून तिने ती मला दाखवली.

"खराब झालाय का, ताई?"

"नाही."

"गळतीय का?"

"नाही."

"मग कावून?"

मोबाइलवर मॅडम विचारत होत्या की काम का थांबलं. कांताबाईने जाऊन कात्री घेतली. कोणीतरी म्हणालं की निदान जनावरांना तरी घालू. आबा म्हणाले, नको, पुन्हा कोणी शूटिंग करील. म्हशी त्या दिवशी ओढ्यापलीकडे नेऊन बांधल्या होत्या. वास तिथवर जात होता. त्या दिवसभर ओरडत होत्या.

अन्नाची नासाडी कशी टाळायची यावर मी नोकरीत असताना बरीच भाषणं ऐकली, काही लिहूनही दिली. प्लास्टिक पुन्हा कसं वापरायचं यावर त्याहून जास्त. दोन्ही एकाच खड्ड्यात गेलेलं मी पाहिलं आहे. त्यावर माती टाकून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

पुढच्या हंगामात युनिट उघडलं नाही. इमारत सोयाबीनची पोती ठेवायला भाड्याने गेली. सीताफळं पिकली, बीडला गेली, दुपारपर्यंत विकली गेली ती गेली. दत्ता संचालक झाला. स्टोअरमध्ये नव्या पिशव्यांच्या छापील प्लास्टिकचे काही रोल न वापरता पडले होते. कंपनीने नेले नाहीत, आबा म्हणाले ज्याला हवं त्याने न्या. दिवाळी झाली. कांताबाईची म्हैस आष्टीच्या बाजारात गेली. मुकादमाचा ट्रक आला तेव्हा मी हिशेब आवरायला गावात होते. कांताबाईच्या नवऱ्याने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. ती ट्रकमध्ये आधीच चढली होती. तिच्या पायाशी भांड्यांच्या पोत्याजवळ एक रोल होता. मी हात केला. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन आला, व्हिडिओवर. सांगलीकडच्या कुठल्यातरी फडात होती. मागे उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, ओळीने दिसत होत्या, बहुतेकींचं पाचट भिजून काळं पडलं होतं, बायका गोधड्या पिळत होत्या. तिने मोबाइल फिरवून आपली कोपी दाखवली. छपरावर आमचं प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं. त्यावर सीताफळाचं चित्र, कंपनीचं नाव आणि तीन बाणांचा शिक्का, पुन्हा पुन्हा, उलटा. मी विचारलं, दोन पट्टे जोडले कसे? ती म्हणाली, कोयता तापवला अन् पट्टी मारली, आपल्या मशीनवाणी. आधी कडा पुसून कोरडी केली होती.

मग ती आत गेली. मोबाइल वर धरून जोडाच्या रेषेवरून सावकाश नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि टेबलावर म्हणायची तसं, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"गळत न्हाई."